तोरिनोतली कॉफी आणि दिंडोरीची बाग

या वेळचं पत्र आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीचं आहे, पण आलंय इटलीतून. थोडं कमी करून देतेय.

"नमस्कार ताई. मी दिंडोरी तालुक्यातली, सप्टेंबरपासून तोरिनोला मास्टर्स करतेय. घरची द्राक्षबाग आहे, दोन हंगाम अवकाळीत गेले तरी बाबांनी कर्ज काढून मला पाठवलं. इथे लेक्चर संपलं की वर्गातल्या मुली कॉफीला चल म्हणतात आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगते, कारण एक कॉफी म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये हे डोक्यातून जातच नाही. रूमवर खिचडी नाहीतर मॅगी, आणि आईने दिलेला चिवडा पुरवून पुरवून खाते. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, त्यामुळे बाहेर काय चालतं तेही कळत नाही. परवा एकदाच त्यांच्यासोबत गेले, गरम गरम बेसनाच्या पोळीसारखं काहीतरी खाल्लं, इतकं आवडलं ताई, आणि रूमवर येऊन रडले. बाबा तिकडे रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला उठतात आणि मी इथे मजा करतेय. माझं चुकतंय का? आई पार्सल पाठवणार आहे, काय मागवू तेही सांगा."

अगं पोरी, तू जे खाल्लंस ना ती फारिनाता. आधी तेच सांगते कारण तुझं सगळं पत्र वाचून मी त्या बेसनाच्या पोळीपाशीच अडकले. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस एवढंच असतं त्यात. पीठ काही तास भिजत ठेवतात, मग तांब्याच्या मोठ्या पसरट परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत लावतात, वरून खरपूस आणि आत मऊ होते, कोणी मिरी टाकतं कोणी रोझमेरी. मूळची ती जेनोव्हाकडची, समुद्रकाठच्या गरीब माणसांची, पण तोरिनोने कधीच आपली करून टाकली. अंडं नाही, दूध नाही, तुला डोळे मिटून चालेल. आता मला सांग, आपली आजी बेसनाचं धिरडं घालायची त्यात आणि यात काय फरक आहे, फक्त मिरची-हळद नाही एवढाच. म्हणजे इतक्या लांब जाऊन तुझ्या जिभेला पहिल्यांदा जे आवडलं ते कष्टकऱ्यांचं, स्वस्तातलं, पोटभरीचं खाणं होतं. त्यावर रडू आलं हे मी समजू शकते, पण त्यात बाबांचे पैसे उधळल्यासारखं काही नव्हतं गं.

आणि नाही, तुझं चुकत नाहीये. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, मी त्याच शहरात शिकायला दोन वर्षं काढलीत म्हणून म्हणतेय. पहिले चार महिने मी अगदी तू करतेस तेच केलं. मला तीनदा कॉफीला बोलावलं, मी तीनदा लायब्ररीचं कारण सांगितलं, चौथ्यांदा कोणी बोलावलंच नाही. त्यांना वाटलं हिला आवडत नसेल आपल्यासोबत यायला. मग जानेवारीत परीक्षा आल्या तेव्हा कळलं की कोणते सर तोंडी परीक्षेत काय विचारतात, कोणाच्या जुन्या नोट्स चांगल्या आहेत, कोणत्या तारखेला नाव नोंदवायचं, हे सगळं त्या पाच मिनिटांच्या कॉफीवर बोललं जातं, मेलवर काही येत नाही. तिथे तीसपैकी मार्क असतात आणि अठराला पास हे तुला आता माहीत असेलच, मला पहिल्या पेपरला बरोब्बर अठरा पडले. अभ्यास कमी नव्हता माझा. मी एकटी होते.

म्हणून माझं म्हणणं आहे की ती कॉफी तू खर्चाच्या वहीत 'चैन' म्हणून लिहू नकोस, बसच्या पासशेजारी लिही.

आता पैशांचं बोलू, कारण तुझी चिंता खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तिथे काउंटरवर उभं राहून साधी कॉफी घेतली तर सव्वा-दीड युरोच्या आसपास पडते. आठवड्यात तीनदा गेलीस तर महिन्याला पंधरा-अठरा युरो. तेवढे बाजूला काढ, एका डब्यात ठेव हवं तर, आणि त्या डब्यातल्या पैशांचे रुपये करायचे नाहीत असं ठरव. कारण युरोचे रुपये करून आपण नाशिकच्या टपरीवरच्या दहा रुपयांच्या चहाशी तुलना करतो आणि मग काहीच घेववत नाही, भाजी घेववत नाही, सफरचंद घेववत नाही, मी तर एकदा सर्दी झाली तरी लिंबं घेतली नव्हती. कर्ज काढताना बाबांनी तिथला राहण्या-खाण्याचा खर्च धरूनच काढलंय ना. उरलेल्या दिवशी कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये मशीन असतं बघ, त्यात अर्ध्या-पाऊण युरोत कॉफी मिळते, तिथेही घोळका उभा असतोच, त्यात जाऊन उभी राहा.

काउंटर म्हटलं ते नीट लक्षात ठेव. तिथे कॉफी मिळते त्या जागेला 'बार' म्हणतात, आईला फोनवर सांगताना आधी हे समजावून सांग नाहीतर ती माउली रात्रभर झोपायची नाही. म्हणावं आपलं अमृततुल्य असतं ना, तसंच. सकाळी कामावर जाणारे, म्हातारे आजोबा, शाळेतल्या बाई, सगळे तिथे. उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलावर बसून मागवली की दुसरा, कधीकधी दुपटीच्या वर जातो, भावाचं पत्रक लावलेलं असतं ते आधी वाच. रेस्टॉरंटमध्ये तर नुसतं बसायचे माणशी एक-दोन युरो वेगळे लावतात, त्याला कोपेर्तो म्हणतात, बिल आल्यावर आपण फसलो असं वाटायला नको म्हणून सांगतेय. आत शिरलं की आधी बोंजोर्नो म्हणायचं, मग 'उन काफे'. काफे म्हटलं की छोट्या कपात दोन घोट एस्प्रेसोच येणार. कडू लागली तर साखर घाल, तिथलेही खूप जण घालतात. नुसतं 'लात्ते' म्हणालीस तर ग्लासभर दूध येईल कारण त्यांच्या भाषेत लात्ते म्हणजे दूधच. कापुचीनो सकाळचा, जेवणानंतर ते लोक पीत नाहीत, त्यांना ते पोटाला जड वाटतं, तुला प्यायचाच असेल तर पी, कोणी बाहेर काढत नाही. चहा मात्र मागू नकोस, गरम पाण्याचा कप, एक पुडी आणि लिंबाची फोड देतील आणि तुला घरची आठवण जास्त येईल. कॉफी सोसत नसेल तर 'काफे दोर्झो' माग, सातू भाजून करतात, कॅफीन अजिबात नसतं, आपल्या भाजक्या धान्यासारखा खमंग वास येतो त्याला.

तू ज्या शहरात आहेस ना ते कॉफीच्या बाबतीत साधंसुधं शहर नाहीये. वाफेच्या दाबावर झटपट कॉफी काढायच्या मशीनचं पेटंट आन्जेलो मोरिओन्दो नावाच्या माणसाने 1884 मध्ये तोरिनोतच घेतलं. लाव्हाझा हा कॉफीचा मोठा ब्रँड, त्यांचं पहिलं किराणा दुकान 1895 चं, तिथलंच. तिथे घरोघरी असते ती कॉफी करायची आठ कोनांची मोका किटली बियालेत्तीने 1933 मध्ये आणली, तीही त्याच पिएमोन्ते भागात. आणि हे ऐक, भारतातून जी कॉफी बाहेर जाते तिचं इटली हे सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे, कर्नाटकातल्या मळ्यांमधली रोबस्टा त्यांच्या मिश्रणात पडते, कपावरची ती तपकिरी साय जाड यायला तिची मदत होते. तू पितेस त्या कपात कोडगूकडच्या कुठल्यातरी शेतकऱ्याचे दाणे असू शकतात. मला हे कळलं तेव्हा त्या कपाकडे मी वेगळ्याच मायेने बघितलं होतं.

मोका मात्र घेऊन टाक, साधी घेतलीस तर फार महाग नाही आणि दोन वर्षं पुरते. पाणी आतल्या त्या छोट्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच, पावडर सैल भरायची, दाबायची नाही, गॅस बारीक, आणि खदखद आवाज सुरू झाला की लगेच उतरवायची नाहीतर करपट लागते. धुताना नुसतं पाणी. सकाळची कॉफी घरी झाली की बाहेरची कॉफी माणसांसाठी उरते.

शाकाहाराचं जरा बारकाईने सांगते कारण तिथे फसायला होतं, आणि फसलं की आपण घाबरून परत मॅगीवर येतो. कोरडा पास्ता म्हणजे जाडसर गव्हाचा रवा आणि पाणी, तो चालतो. ताजा पास्ता अंड्याचा असतो, तो सोड. आन्योलोत्ती हा तिथला लाडका भरलेला पास्ता, आत मांस असतं. रिसोत्तो दिसतो आपल्या मऊ भातासारखा पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारल्याशिवाय नको. बान्या काउदा नावाची लसणाची गरम चटणी सगळे तुला आग्रहाने देतील, त्यात मासा असतो. पान्ना कोत्ता हे सायीचं गोड पांढरंशुभ्र दिसतं पण जनावरापासून काढलेल्या जिलेटिनवर घट्ट केलेलं असतं, तिरामिसूत अंडं असतं. पार्मिजानो चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे खूप भारतीय मुलांना वर्षभर माहीतच नसतं, ते तुला चालवायचं की नाही हे तू ठरव, मी चालवलं नाही. एक शब्द पाठच कर, 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी, काही पावांत आणि ग्रिस्सिनीत, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्यांत, असते, पाकिटावर बघ, बेकरीत विचार. 'सोनो वेजेतारियाना' म्हण आणि पुढे 'नियेन्ते उओवा' म्हण, म्हणजे अंडंही नको. तोरिनोत हे ऐकून कोणी वाकडं तोंड करत नाही.

आणि चालणारं कितीतरी आहे. मारिनारा पिझ्झा, त्यावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. तिथे पिझ्झाच्या दुकानात फारिनाताचा तुकडा आधी घेतात मग पिझ्झा, तसंच कर. पोलेंटा म्हणजे मक्याच्या कण्या, पातेल्यात ढवळत ढवळत शिजवलेल्या, मशरूमसोबत मागव. चणे घातलेला पास्ता, राजम्यासारख्या दाण्यांचा, म्हणजे बोरलोत्तीचा पास्ता, पण त्यात मांसाचा तुकडा टाकलाय का ते विचार. हे सगळं घरीही होतं, आणि ते करायला लागलीस की खिचडी आठवड्यातून दोनदाच होईल आणि मग ती जास्त गोड लागेल.

कॉलेजच्या मेन्सात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, जेवतेस का, पत्रात काही लिहिलं नाहीस. पिएमोन्तेची एदिसू म्हणून संस्था आहे, स्कॉलरशिपही तीच बघते आणि मेन्साही. जेवणाचे पैसे घरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरतात, आणि दोन वर्षं बाग गेलेल्या घराचं उत्पन्न काय असणार ते तुला मी सांगायला नको, तेव्हा कागदपत्रं दिली नसशील तर तपास, लाजू नकोस. पास्ता, भाज्या, कडधान्यं, पाव, फळ, असं ताट होतं, आणि टेबलावर माणसं असतात.

शनिवारी पोर्ता पालात्सोला जा. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्यावरच्या बाजारांपैकी एक आहे तो. मला तिथे पहिल्यांदा गेल्यावर रविवार कारंज्याची गर्दी आठवली होती, तेच ओरडणं, तीच ढकलाढकली, तेच 'घे गं बाई' हातात कोंबणं. आसपासच्या गावांतले शेतकरी मागच्या बाजूला स्वतःचा माल घेऊन बसतात, मोरोक्कोची माणसं पुदिना-कोथिंबिरीच्या जुड्या विकतात, आणि बाजार उठायच्या वेळेला गेलीस तर भाव उतरतात. तू शेतकऱ्याची मुलगी, भाजी हातात घेतली की तुला कळतं कालची की आजची, तिथल्या तुझ्या मैत्रिणींना ते कळत नाही, त्यांना घेऊन जा सोबत. आणि पाण्याची बाटली विकत घेत असशील तर बंद कर, रस्त्यात ते हिरवे नळ आहेत ना बैलाच्या तोंडाचे, तोरेत म्हणतात, त्याचं पाणी पिण्याचंच आहे, फुकट.

संध्याकाळी कोणी आपेरितीवोला, म्हणजे जेवणाआधी काहीतरी प्यायला, बोलावलं तर दारू प्यावी लागेल म्हणून टाळू नकोस. 'आनाल्कोलिको' म्हणायचं, बिनदारूचं देतात. आणि एक महागाची गोष्ट पहिल्या परीक्षेनंतरसाठी ठेव, बिचेरीन. कॉफी, गरम चॉकलेट आणि वर साय, छोट्या काचेच्या पेल्यात थरावर थर, ढवळायचं नाही, तसंच प्यायचं. कोन्सोलाता चर्चसमोर 1763 पासूनचं छोटंसं दुकान आहे, टेबलं जेमतेम मावतात. ते पिताना मात्र बस, उभी राहू नकोस.

आता बाबा. तू लिहिलंस त्यात एक गोष्ट मला टोचली, ती म्हणजे तू फारिनाता खाल्लीस हे त्यांना सांगितलंच नसणार. फोनवर ते विचारत असणार जेवलीस का, तू म्हणत असणार हो जेवले, संपलं. माझ्या वडिलांना मी चार महिने असंच सांगत होते आणि नंतर आई म्हणाली की ते रोज फोन ठेवून म्हणायचे, पोरगी नीट खात नाहीये, आवाजावरून कळतंय. तेव्हा लपवून त्यांची चिंता कमी होत नाही गं. सांग त्यांना, बेसनाची पोळी खाल्ली, इतक्याला पडली, अशी अशी करतात. फोटो पाठव.

आणि थंडी संपत आली की एक दिवस रेल्वेने आस्तीला जा, तासाभराच्या आतच येतं. लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो, या सगळ्या द्राक्षाच्या टेकड्या, 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोनदा झाडाला हात लावावा लागतो, तिथे झाड थंडीत पानं टाकून झोपतं, एकदाच छाटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. आपल्याकडे आत्ता डिसेंबरात मणी फुगायला लागलेत, पहाटे थंडी उतरली की बागेत शेकोट्या पेटवतायत, आणि तिथल्या वेली उघड्याबोडक्या उभ्या असतील. पण डावणी, भुरी हे वेलींचे रोग तिथेही येतात, आणि तिथला शेतकरीही त्यावर बोर्डोच फवारतो. व्हिडिओ कॉल लाव बागेतून, बाबांना तारा दाखव, छाटणी कशी केलीय ते जवळून दाखव, ते तुला पन्नास प्रश्न विचारतील आणि तू जाऊन तिथल्या माणसाला मोडक्या इटालियनमध्ये विचारशील. तुला पाठवून त्यांना काय मिळतंय असं तुला वाटतं ना, हेसुद्धा मिळू दे त्यांना. पुढच्या सप्टेंबरात जमलं तर काढणीही बघ.

पार्सलचं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस पाठवायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप काही नको, आई कितीही म्हणाली तरी नको, अख्खं पार्सल अडकतं. कढीपत्त्याच्या जुड्याही नकोत. काळा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, आणि कोंडाजीचा चिवडा, पण तो आता पुरवून पुरवून एकटीने खायचा नाही, वर्गात घेऊन जा, कॉफीसोबत ठेव मध्ये आणि बघ किती मिनिटं टिकतो.

काळा मसाला मुद्दाम म्हणतेय. परीक्षा झाल्या की एका रविवारी त्या मुलींना रूमवर बोलव आणि मिसळ कर. आपल्याकडे रविवारी सकाळी गंगापूर रोडला रांगा लागतात तशी, पापड आणि दही ठेवून. मटकी मिळाली नाही तर आशियाई दुकानातले हिरवे मूग चालतात, पाव म्हणून तिथला बिओवा घे, स्त्रुत्तो नाही ना विचारून, तर्री आधी कमीच घाल त्यांच्यासाठी, तुझी वेगळी काढून ठेव. फक्त त्या थंडीत मोड यायला दोन दिवस जास्त धर, आणि फडकं बांधलेला डबा हीटरच्या वर ठेवू नकोस, शेजारी ठेव, वर ठेवला की मूग आंबतात.